वाकेशोच्या आईचा सिंह

"रविवारी तुला सिंह दाखवतो. चहा थंड व्हायच्या आत!"

म्वाकिओने ही घोषणा आपल्या अंगणात केली, पण शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा बेताने. तो नुकताच निवृत्त झाला होता. त्सावोच्या अभयारण्यात त्याने तीस वर्षं पर्यटकांची गाडी चालवली. त्याची बायको म्कावासी त्याच अभयारण्याच्या कुंपणालगत तीस वर्षं मका पिकवत होती. हत्ती तिने डबे बडवून हाकलले होते, माकडांना नावानिशी शिव्या दिल्या होत्या. सिंह मात्र तिला फक्त जेवताना भेटायचा, नवऱ्याच्या तोंडून. गवताच्या गंजीएवढी आयाळ, मशालीसारखे डोळे!

त्सावोच्या नरांना बहुधा आयाळ नसते. पर्यटकांनी तक्रार करू नये म्हणून म्वाकिओ त्यांना हे गाडीत बसतानाच सांगून टाकी. घरी सांगायची वेळ कधी आली नाही.

"वाकेशोचे बाबा," ती नेहमीसारखी मुलीच्या नावाने हाक मारत म्हणाली, "तुमच्या शब्दावर इतकी वर्षं काढली. पण पाणवठ्यावरच्या बायका विचारतात, नवरा तिथे गाडी चालवायचा की भांडी घासायचा?"

हे त्याला लागलं. त्याने भाच्याची गाडी एका दिवसासाठी मागून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर राजम्याच्या दाण्यांनी अभयारण्याचा नकाशा मांडला. ही नदी, हे धरण, इथे सिंहांची सावली. मेव्हण्याने बरोबर येऊ का विचारलं. म्वाकिओने साफ नकार दिला.

"बडबडी माणसं नकोत! अभयारण्याचं दार उघडताच आत शिरायचं, नदी गाठायची, मध्ये कुठेही थांबायचं नाही. तीस वर्षांत माझा बेत चुकलेला नाही."

संध्याकाळी म्कावासीने नदी, धरण आणि सिंहांची सावली गोळा करून शिजायला टाकली.

रविवारी दार उघडताच ते आत शिरले. म्कावासीने लग्नकार्यातला रंगीत छापाचा कांगा शालीसारखा अंगावर घेतला होता. मांडीवर उकडलेली रताळी, पायाशी थर्मास. तांबड्या धुळीतून म्वाकिओ नदीकडे निघाला आणि समोरून म्घालूची गाडी आली. म्घालूला गाडी त्यानेच शिकवली होती.

"काका! आणि काकूसुद्धा! घरी सगळे बरे?"

पर्यटक मागे बसलेले असले की चालक एकमेकांना नुसता हात दाखवून पुढे जातात, ते चालतं. पण वडीलधारा माणूस बायकोसह समोर आला, तर विचारपूस अर्धी टाकून जाणं म्हणजे तोंडावर दार लावणं. म्वाकिओने गाडी थांबवली. त्याने घरच्यांचं विचारलं. शेळ्यांचं विचारलं. म्घालूच्या सासूच्या दुखऱ्या पायाचं विचारलं, आणि पायाची हकिगत मोठी होती.

अभयारण्यात दोन गाड्या थांबलेल्या दिसल्या, की तिसरा चालक एकच अर्थ घेतो. तिसरी गाडी आली, पाठोपाठ चौथी.

"काका, कुठे आहे?" चौथ्याने दबक्या आवाजात विचारलं.

"कोण?"

"आमच्यापासून पण लपवता? पर्यटकांना सांगून बसलोय मी!"

"अरे, काही नाही! आम्ही म्घालूच्या सासूचं बोलतोय!"

यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. म्वाकिओ काकांनी उगाच गाडी थांबवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. धूळ उडवत आणखी गाड्या आल्या. प्रत्येक चालक वयाने लहान, म्हणून प्रत्येकाने आधी काकूंची चौकशी केली, आणि काकूंनी प्रत्येकाला खिडकीतून एक रताळं दिलं. पुढे गाड्या, मागे गाड्या! म्वाकिओला हलता येईना. गाडीच्या उघड्या छतातून डोकावणारा एक पर्यटक उजवीकडच्या वाळक्या बुंध्याकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटला. क्षणात सगळ्या दुर्बिणी उजवीकडे वळल्या. कॅमेरे खटखटले. बुंधा शेवटपर्यंत हलला नाही.

कोंडी सुटली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. नदीकाठी रानम्हशी होत्या. सिंहांच्या सावलीत एक करकोचा उभा होता. म्वाकिओने धरण पालथं घातलं, परत नदीवर आला. थर्मासमधला चहा कधीच थंड झाला होता.

परतीच्या वाटेवर त्याने विचारलं.

"पाणवठ्यावर काय सांगशील?"

"सांगेन, बघितला म्हणून."

"माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

"खोटं कशाला? सगळे तिकडे लाकूड बघत होते ना, तेव्हा तो माझ्या बाजूने गेला. दारापासून हातभर. थांबला, रताळ्यांचा वास घेतला, गेला."

म्वाकिओने करकचून ब्रेक दाबला.

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्ही सासूच्या पायाचं विचारत होतात. चौकशी चालू असताना बायकोने मध्ये तोंड घालायचं? तेही जनावरासाठी?"

त्याने तपासनिसाच्या आवाजात विचारलं, "कसा होता?"

म्कावासीने उरलेली दोन रताळी कांग्याच्या टोकात बांधली.

"नर होता. पण वाकेशोचे बाबा, गवताची गंजी कुठे होती हो? डोकं तर पार तुमच्यासारखं! चार केस, तेही मागे."

म्वाकिओने गाडी चालू केली. अशी खूण फक्त बघितलेल्यालाच सांगता येते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! दाराशी पहारेकऱ्याने विचारलं, "काय काका, दिसला का?"

"हिला विचार," तो म्हणाला, आणि घरापर्यंत कोणासाठीही थांबला नाही.