डाव्या घराचा नकार

बोरखेडच्या नव्या जोडघरांपैकी डाव्या घराने उजव्या घराशेजारी उभं राहायला सोमवारी लेखी नकार दिला. अर्ज साध्या कागदावर होता. सहीच्या जागी उंबऱ्याचा ठसा होता.

नगरपालिकेत अष्टेकर मॅडमनी तो दोनदा वाचला. "सात दिवसांची मुदत," त्या म्हणाल्या. "तोवर मन वळलं नाही, तर उजवं घर नदीपलीकडच्या प्लॉटवर जाईल. नियमच आहे तसा."

समोर उभ्या सोपान लोहोकरेने हातातला जोडघरांचा नकाशा पुन्हा उलगडला. नववीत शाळा सुटल्यावर तो गवंड्यांच्या हाताखाली नकाशे काढायला शिकला होता, आणि एकट्याने काढलेला हा त्याचा पहिलाच नकाशा. तोही भिवा मिस्त्रीच्या कामावरून. दीडशे वर्षांपूर्वी भिवाने पेठेत बांधलेली अकरा जोडघरं अजून उभी होती आणि एकानेही कधी तक्रार केली नव्हती.

घरं शेवंताबाई आणि मालनबाईंची. दोघी एकतीस वर्षं एकाच वॉर्डात नर्स होत्या. म्हातारपणी भिंतीला भिंत लावून राहायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"नदीपलीकडे?" शेवंताबाई म्हणाल्या. "अरे सोपान, हिला ओटा चढवत नाही, ही पूल चढणार?"

"जाऊ दे ना. तुझ्या बडबडीतून तरी सुटेन," असं म्हणून मालनबाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

सोपान डाव्या घराकडे गेला. चपला बाहेर काढून आत उभा राहिला. "माझं काय चुकलं?" त्याने विचारलं.

"शेजारी कोण आहे तेच मला माहीत नाही," घर म्हणालं. "मधल्या भिंतीला माझं न्हाणीघर, पलीकडेही न्हाणीघर. नळ सोडल्याचा आवाज येतो. तेवढीच ओळख."

"पाइप एकाच भिंतीतून नेले की सोपं पडतं."

"तुला सोपं पडतं."

भिवाच्या घरांच्या कमानी, खांब, ओटे, सगळं सोपानने इंचाइंचाने मोजलं होतं, पण बाहेरून. परक्या बायकांना आत येऊ का असं विचारायची त्याला लाज वाटली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने पेठेतलं पहिलं दार वाजवलं. "काकू, तुमचं स्वयंपाकघर बघू का?" हे शब्द त्याने वाटेत घोकले होते.

काकूंनी मसाल्याचे डबे बाजूला सारले. मधल्या भिंतीत एक भोक होतं, एक वाटी जाईल एवढं. "इथून आमटी जाते," त्या म्हणाल्या. "वाटी परत येते ती काहीतरी घेऊनच. रिकामी कशी पाठवतील?"

अकराही जोड्यांमध्ये भोक होतं.

मग न्हाणीघरं बाहेरच्या भिंतींना गेली, स्वयंपाकघरं मधल्या भिंतीला आली. गवंडी कुरकुरले, पण रविवारी संध्याकाळी भोक पडलं.

सोमवारी अष्टेकर मॅडम फाइल घेऊन आल्या. सोपानने भोकात वाटी ठेवली. डाव्या घराने तिच्यात मूठभर चुना घातला. वाटी पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. मॅडमनी घड्याळ पाहिलं. मालनबाईंनी शेवंताबाईंचा हात धरला.

बऱ्याच वेळाने वाटी परत आली. तिच्यात वाळू होती.

"चाळलेली आहे," डावं घर म्हणालं.

"म्हणजे नकार मागे घेताय?" मॅडमनी कागद उंबऱ्यावर ठेवला. ठसा उमटला. तो वाळेपर्यंत त्या थांबल्या आणि मग त्यांनी फाइल बंद केली.

सोपान खडीच्या ढिगावर बसला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली. शेवंताबाईंनी डब्यातली उसळ वाटीत काढली आणि मालनबाईंना पलीकडच्या घरात पाठवलं. पण भोकात घरांची वाटी होती. ती आता पुन्हा चुना घेऊन निघाली होती.

"आमचं कधी?" मालनबाई पलीकडून ओरडल्या.

सोपानने खिशातून पेन्सिल काढली, नकाशा गुडघ्यावर पसरला आणि भोकाची रुंदी खोडून नवी लिहिली: दोन वाट्या.