सर्वानुमते बिघाड

साबणाच्या कारखान्यातलं वेष्टन गुंडाळायचं यंत्र रोज बंद पडत असे. ते का बंद पडतं हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे ऑपरेटरला मेमो देण्यात येई. व्यवस्था अगदी सुरळीत चालली होती. तिला दृष्ट लागली ती ऑपरेटरच्या बहिणीमुळे, कारण तिचा नवरा प्रोग्रामर होता आणि यंत्रात नवा कंट्रोलर बसवायचं काम नेमकं त्यालाच मिळालं.

"आणखी एक मेमो आला की माझ्या भावाला घरी बसवणार आहेत," तिने जेवताना सुनावलं. "एवढा शिकलास ना? मग त्या यंत्रालाच बोलतं कर. सांगू दे त्याला, कुठे दुखतंय ते."

नवरा कामाला लागला. मोटर, नळ्या, पट्टा, जिथे जमेल तिथे त्याने सेन्सर लावले. यंत्र थांबलं की जो बिघाड सर्वांत आधी झाला तोच स्क्रीनवर लाल अक्षरांत झळकावा, असा चोख प्रोग्राम लिहिला. पहिल्याच सकाळी यंत्र थांबलं आणि स्क्रीन म्हणाला: 'मोटर गरम. पंख्याची जाळी तुंबली आहे.'

"भाऊजी, सुटलो!" ऑपरेटरने त्याला मिठीच मारली. "माझं नावसुद्धा नाही त्यात!"

थोड्या वेळाने स्क्रीन म्हणाला: 'वेष्टन फाटले. कागद ठरल्यापेक्षा पातळ आहे.' दुपारी तातडीची बैठक बसली.

"यंत्राने बोलावं, आमची ना नाही," देखभालप्रमुख म्हणाले. "पण असं चारचौघांत? जाळी तुंबली हे त्याचं वैयक्तिक मत झालं."

"मत नाही साहेब, तापमान आहे," प्रोग्रामर म्हणाला.

"मग 'मोटरमध्ये ऊब आहे' एवढंच लिहा. बाकीचं आम्ही समजून घेऊ."

खरेदीप्रमुखांनी 'वेष्टन फाटले'च्या जागी 'वेष्टन मोकळे झाले' अशी दुरुस्ती सुचवली. लाल रंगाने पाहुणे दचकतात म्हणून अक्षरं हिरवी करायचं ठरलं. एवढ्यानेही कुणाचं समाधान होईना, तेव्हा व्यवस्थापकांनी तोडगा काढला. बिघाड आधी संबंधित प्रमुखाकडे जाईल. त्यांनी 'मान्य'चं बटण दाबलं, तरच तो स्क्रीनवर दिसेल. लोकशाही म्हणतात ती हीच.

बटण अर्थातच कुणी दाबलं नाही. यंत्र मात्र नेमाने थांबत राहिलं आणि स्क्रीन कोराच्या कोरा. पुन्हा बैठक.

"एवढा महागाचा स्क्रीन आणि त्यावर काहीच नाही?" व्यवस्थापक कडाडले. "काहीतरी दिसलंच पाहिजे! ज्याला कुणाचीच हरकत नाही असा एखादा बिघाड नाही का आपल्याकडे?"

सगळ्यांनी डोकं खाजवलं. वीज म्हणावं तर वीजप्रमुख डोळे वटारून बसले होते. हवामान म्हणावं तर यंत्र आत होतं. शेवटी कुणीतरी सुचवलं, 'ऑपरेटरची चूक'. खोलीतलं वातावरण एकदम निवळलं. प्रोग्रामरने तोंड उघडलं. व्यवस्थापकांनी विचारलं, "काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही हवी आहे ना?" त्याने तोंड मिटलं. ठराव सर्वानुमते संमत झाला आणि सगळ्यांना चहा आला.

पुढच्याच आठवड्यात तुंबलेल्या जाळीमागे मोटर जळून कोळसा झाली. धुराच्या लोटात हिरवीगार अक्षरं उमटली: 'ऑपरेटरची चूक'. मेमोही आता कंट्रोलरच छापत असल्यामुळे विलंब असा झाला नाही. मेहुणा चहाच्या वेळेआधीच घरी पोचला होता.

प्रोग्रामरने घरात पाऊल टाकलं, तर बायको दारातच उभी.

"प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती गं," तो म्हणाला. "जे ठरलं, अगदी तेच दिसलं."

"ठरलं? मग ठरवताना माझा भाऊ काय म्हणाला?"

"त्याला कुठे बोलावलं होतं!"

"अरे, एवढी माणसं बसली होती! त्यालाही बोलवा, असं एकालाही म्हणावंसं वाटलं नाही?"

प्रश्न रास्त आहे. एकालाही वाटलं नाही. वाचकहो, त्या दोन्ही बैठकांना तुम्हीही पहिल्यापासून शेवटपर्यंत होतात. हसतही होतात. इतिवृत्तात तुमच्या नावापुढे 'हजर, हरकत नाही' असं लिहून घेतलं आहे.