सासुरवाडीच्या पत्रिका आणि माझा पेन

एक चांगला पेन विकत घ्यायचा, असं मी ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. माणसाने घर घ्यावं, गाडी घ्यावी, गेलाबाजार कूलर घ्यावा. पेन ही काय विकत घ्यायची वस्तू आहे? तो मागायचा, वापरायचा आणि खिशाला अडकवून विसरल्यासारखा घरी न्यायचा. आमच्या कार्यालयात वीस वर्षं हीच पद्धत आहे आणि कोणाचं काही अडलेलं नाही. (साहेबांचे चार पेन माझ्याकडे आहेत. माझे सहा साहेबांकडे आहेत. म्हणून तर ते साहेब.)

पण झालं असं की माझ्या मेहुणीचं, उर्वशीचं लग्न ठरलं आणि पत्रिकांवर नावं लिहायचं काम सासऱ्यांनी माझ्याकडे दिलं. माझं अक्षर सुंदर आहे. हे मी म्हणत नाही, सासुरवाडी म्हणते. माझ्याबद्दल सासुरवाडी एवढं एकच बरं म्हणते, त्यामुळे तीनशे पत्रिकांचा गठ्ठा चंद्रपूरला माझ्या घरी येऊन पडला तेव्हा मला उगाच थोडं उंच झाल्यासारखं वाटलं.

घरातले पेन गोळा केले. सतरा निघाले. एक ओकायचा, एक नुसताच कागद खरवडायचा. एक पेन कुठल्याशा खाण कंपनीने जनसुनावणीत फुकट वाटलेला होता. त्याने 'सहमत' झकास लिहिता यायचं. 'हरकत' लिहायला घेतलं की शाई बंद. एक निवडणुकीतला होता. तो मतदान झाल्यापासून उघडतच नव्हता.

"घरी सतरा पेन आहेत, नं तुमी अठरावा आनून राह्यले?" बायको म्हणाली. (तिचं नाव चंचल. एकदा बोलली की त्यावरून ती तसूभर हलत नाही.)

"अवं, पत्रिका आहे. तिच्यावर कायनंबी लिहिलेलं चालत नाई."

"लोकं नाव पाहातेत. पेन कोन पाहाते?"

हा प्रश्न तिथेच सोडून मी तडक बाजारात गेलो.

स्टेशनरीवाल्या अजयच्या दुकानात मी एका कागदावर अठ्ठावीस पेनांनी स्वतःचं नाव लिहिलं. कागद संपला, माझं समाधान होईना. मागे एक बाई वह्या घ्यायला आल्या होत्या, त्या कंटाळून दुसऱ्या दुकानात गेल्या. शेवटी अजयने काचेच्या कपाटातून एक निळा पेन काढला.

"हा घ्या, भाऊ. लोण्यावानी चालते. नं चुकलं तं मागच्या खोडरबरानं पुसून टाका. डाग राहात नाई."

मी पुन्हा विचारलं, "बिलकुल राहात नाई?"

"मांगून कोनी म्हनू शकत नाई का तुमी लिहिलं होतं म्हनून."

वीस वर्षं नोकरी केली, पण असलं सुख मला कोणी देऊ केलं नव्हतं. चूक करायची आणि मागे काही ठेवायचं नाही! ही सोय आजवर फक्त वरच्या साहेबांना होती. मी पेन घेतला. तीन संध्याकाळी कूलरसमोर बसून तीनशे पाकिटं लिहिली. वेलांट्या अशा काढल्या की चंचलही दोनदा वाकून बघून गेली.

रविवारी आम्ही पत्रिका घेऊन सासुरवाडीला, सिंदेवाहीकडे निघालो. मे महिना. पारा सत्तेचाळीसवर. गठ्ठ्यांच्या कडा मुडपू नयेत म्हणून मी ते गाडीत मागच्या काचेखालच्या फळीवर नीट मांडून ठेवले. वाटेत मूल गावी चंचलची मैत्रीण राहते. तिने जेवायला थांबवलं, जेवल्यावर मला झोप लागली आणि गाडी दोन तास तिच्या दारात भर उन्हात उभी राहिली. (सावली होती. तिच्यात एक बैल बसला होता. मी त्याला उठवायला गेलो, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी परत आलो.)

आता डोमाजी मामांबद्दल सांगायला हवं. हे चंचलचे आणि उर्वशीचे सख्खे मामा. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामाने, आणि हे मामा म्हणजे रुसण्यात सगळ्या तालुक्यात नावाजलेले. माझ्या लग्नात त्यांना पापड उशिरा वाढला म्हणून ते जाऊन शेतावर धानाच्या बांधीत बसले होते. मुहूर्त टळून गेला. मंगलाष्टकं म्हणणारा आवाज बसेपर्यंत म्हणत राहिला, आणि मी मुंडावळ्या बांधून बांधीपर्यंत माफी मागायला गेलो. म्हणून या वेळी सासरे गुणवंतराव यांनी बजावलं होतं, "पयली पत्रिका मामाले. तुमच्या हातानं. मानानं."

आम्ही पोचलो तेव्हा मामा सासऱ्यांच्या ओसरीवर खाटेवर बसलेच होते. मी वाकून नमस्कार केला आणि पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. मामांनी चष्मा लावला. पाकीट उलटं केलं. सुलटं केलं.

"जवाईबापू, नाव कुठी आहे?"

"वरतं आहे नं, मामाजी."

"वरतं माशी बसली आहे. नाव नाई."

मी पाहिलं. माशी उडाली आणि पाकीट कोरं करकरीत राहिलं. मी दुसरं काढलं, तेही कोरं. गठ्ठा सोडला. तीनशेच्या तीनशे पाकिटं आरशासारखी स्वच्छ! माझ्या तीन संध्याकाळी, माझ्या वेलांट्या, सासुरवाडीतली माझी सगळी पुण्याई साफ पुसली गेली होती.

"समजलं," मामा उठून चपला शोधू लागले. "कोनाची उरलेली पत्रिका मले देऊन राह्यले. नाव लिहाचीबी लायकी नाई आपली. चाललो मी."

"मामाजी, देवाशपथ लिहिलं होतं!"

"मंग वाऱ्यानं उडालं?"

आतून उर्वशीचा रडवेला आवाज आला, "भाऊजी, आता मले बोहल्यावर कोन नेईन?" सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मूलच्या त्या बैलानेही इतक्या वाईट नजरेने पाहिलं नव्हतं.

मी अजयला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, ते शाई गरमीनंच उडते. रबर घासलं का कागद गरम होते, म्हनून तं पुसते. उन्हात ठेवल्या होत्या का?"

"चंद्रपुरात उन्हाबाहेर काय असते?" मी ओरडलो.

"मंग फ्रीजरमंदी ठेवा. थंडीत वापस येते."

सासूबाईंनी फ्रीजर रिकामा केला. आत तलावातली मासोळी होती. ती बाहेर काढल्यावर करणं भागच होतं, आणि मासोळी होणार म्हटल्यावर मामांनी सापडलेल्या चपला पुन्हा काढल्या. "जेवून जातो," ते म्हणाले, "पन राग आहेच."

संध्याकाळी सासूबाईंनी गारठलेला पहिला गठ्ठा आणून परातीत ठेवला. सगळं घर भोवती जमलं. सगळ्यात वरच्या पाकिटावर निळसर रेषा होत्या. 'श्री. डोमाजी.' तीच वेलांटी! मामांचा चेहरा सैल पडला. उर्वशी हसली. मी कॉलर नीट केली.

मग मामांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, कारण नावाखाली आणखी एक ओळ होती.

इथे एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली, ती कबूल करतो. नवं खोडरबर हाती आलं की माणसाची बोटं शिवशिवतात. काही निवडक मंडळींच्या नावाखाली मी कंसात त्यांचं खरंखुरं वर्णन लिहून पाहिलं होतं, मनसोक्त हसलो होतो आणि पुसून टाकलं होतं. डाग राहिला नव्हता. अजय खोटं बोलला नव्हता. थंडीत हेही परत येतं, एवढं सांगायचं राहून गेलं.

मामांनी मोठ्याने वाचलं, "येतील रुसून, जातील जेवून."

मामांच्या ओठाला अजून मासोळीचा रस्सा लागलेला होता.

"दुसरं काढा," मामा म्हणाले.

"मामाजी, राहू द्या नं."

"काढा म्हनतो!"

सरपंचांच्या नावाखाली निघालं, 'माइक दिसू देऊ नये.' मामांची मिशी हलली. सासऱ्यांच्या चुलत भावाखाली निघालं, 'आहेरात गेल्या लग्नाचंच घड्याळ.' तेव्हा मामा पोट धरून खाटेवर बसले. मला जरा धीर आला. मीही हसलो. मग गठ्ठ्याच्या तळाशी एक पाकीट निघालं, त्यावर 'श्री. हेमराज व परिवार' असं लिहिलेलं होतं. हेमराज म्हणजे मी. जावयाने स्वतःलाच आमंत्रण लिहू नये म्हणून तेवढं एक चंचलने लिहिलं होतं. माझ्याच पेनाने.

आणि खोडरबर तिनेही वापरून पाहिलेलं होतं.

मी हात पुढे केला, पण मामा चपळ निघाले. त्यांनी चष्मा पुसला, पाकीट कंदिलासारखं उंच धरलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं वाचलं, "अक्षर चांगलं आहे. बाकी काई काम सांगू नये."

चंचल भांडी आवरायला आत निघून गेली. मामांनी ते पाकीट आपल्या पाकिटासोबत घडी करून खिशात घातलं आणि उर्वशीच्या डोक्यावर हात ठेवला.

"येतो वं पोरी लग्नाले. या घरात एक तरी मानूस खरं लिहिते."