शांतीलालभाईंच्या घोडीचं ऑपरेशन

सत्तर सालच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत भर बाजारात घोडीनं बसकण मारली, तेव्हा शांतीलालभाई तिच्या पाठीवर होते. लोक पोट धरधरून हसले. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही, पण घोडीची धाप मात्र जिवाला लागली. घरी बायकोनं, तापीबाईंनी, निकाल दिला, "एक ते घोडी इका, नहीं ते पोट कमी करा."

घोडी विकणं म्हणजे लेक विकणं. राहिलं पोट. ते नंदुरबारच्या डॉक्टरांकडे गेले.

"परदेशात यावर ऑपरेशनं निघालीत," डॉक्टर म्हणाले. "एकात आतड्याचा बराच भाग वगळून टोकं जोडतात. दुसऱ्यात जठराचा लहानसा भाग तेवढा कामाला ठेवतात."

"त्यात सुखरूप कोणतं?"

"पहिल्यात पुढं जन्मभर जुलाब, अशक्तपणा, यकृताची भीती. दुसऱ्यात टाका सुटला तर जिवावर बेततं. दोन्ही नवीन आहेत. मी छातीठोक काही सांगणार नाही."

चार जणांना विचारल्याशिवाय शांतीलालभाईंनी कधी बैलही घेतला नव्हता. पण स्वतःच्या पोटाचं कोणत्या तोंडानं विचारायचं? पारावर त्यांनी ऑपरेशन घोडीचं आहे असं सांगून सगळं तिच्यावर ढकललं.

"आतडं तोडू नका, भाऊ," शेजारचा हिलाल म्हणाला. "पाट आखूड करा ते केळीले पानी भेटाव नहीं, सरळ तापी नदीमा चालनं जाई."

"आन् पोट लहान करं, पन भूक तेवढीच ऱ्हायनी ते?" पारावरच्या भटूनं विचारलं. "टाकाच तुटी जाई!"

शांतीलालभाई दोन्हीकडून घाबरले. संध्याकाळपर्यंत घोडीचं पोट फाडणार ही बातमी गावभर झाली. गल्लीतल्या गजराबाई घोडीसाठी ओवा घेऊन आल्या. घोडीच्या शिंगराचं ठरलेलं गिऱ्हाईकही फिरलं. आईचंच पोट असं, तर पिल्लाचा काय भरवसा!

"घोडी ठणठणीत शे!" शांतीलालभाई ओरडले. कोण ऐकतो? वर बसून फिरवावी, तर ती धापा टाकणार आणि अफवा खरी ठरणार. मग रोज सकाळी लगाम धरून तेच पुढं चालू लागले. दम खायला थांबावं, तर कुणीतरी हटकून विचारी, "घोडी थकनी का?" त्यामुळे थांबायचीही चोरी. चालता चालता ते घोडीलाच विचारत, जन्माचा जुलाब बरा की एका दिवसाचा धोका? घोडी दोन्हीला मान हलवी. शहाणी होती बिचारी.

पुढच्या यात्रेत हिलाल घोडीच्या पोटाखाली हात फिरवत होता. "टाकाना वण कोठे शे, भाऊ?"

"तठे नका धुंडू," तापीबाई म्हणाल्या. "ऑपरेशन येस्नं व्हयेल शे." आणि त्यांनी नवऱ्याच्या ढगळ झालेल्या सदऱ्याकडे बोट दाखवलं.

हशा पिकला. शांतीलालभाईंनी रिकिबीत पाय घातला. घोडी जागची हलली नाही, फक्त मान वळवून त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी पाय काढून घेतला आणि लगाम धरून घरची वाट धरली.

"आते ते बठा!" तापीबाई मागून म्हणाल्या.

"वर बठनू ते बोलू कोनासंगे?"