अप्पांना ओळखणारं दार

“या दाराला माणसं कळतात!” शास्त्रज्ञाने छाती पुढे काढून जाहीर केलं.

शास्त्रज्ञ हे बायकोने ठेवलेलं नाव. कौतुकाने ठेवलेलं नव्हे. पंखे, शेगड्या, कुलपं असल्या वस्तूंच्या पोटात नखाएवढी यंत्रं असतात, त्यांचे प्रोग्राम लिहून लिहून त्याचे डोळे खोल गेले होते. कंपनीचं नवं कुलूप त्याने चाचणीसाठी घरच्याच दाराला ठोकलं होतं. कुलपाला आपलं कार्ड टेकवायचं. कुलूप तुमचं नाव घेऊन “या!” म्हणणार, आणि मगच दार उघडणार. आधी मान, मग प्रवेश!

हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. सासऱ्यांसाठी! लग्नाच्या पत्रिकेत अप्पांचं पद छापायचं राहून गेलं होतं. नुसतंच ‘अप्पासाहेब’! तेव्हापासून त्यांनी लेकीच्या घराची पायरी चढली नव्हती. नात शाळेत जायला लागली, पण आजोबा तिला फक्त फोनवरच माहीत. बायकोने मिनतवाऱ्या करकरून आता कुठे त्यांना राजी केलं होतं.

“या वेळी काही राहिलं,” बायको म्हणाली, “तर ते पुन्हा येणार नाहीत. आणि मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही.”

यातलं काय जास्त वाईट हे ठरवण्याइतकीही ताकद शास्त्रज्ञात उरली नव्हती. “काही राहणार नाही,” तो म्हणाला. “पद घातलंय. पदाच्या आधीचं पदही घातलंय!”

ऑफिसातल्या थोरल्या साहेबांनी त्याला बजावलं होतं. “एवढ्याशा यंत्रात चालता चालता मेमरी मागायची नाही. सुरू होतानाच सगळ्यांना वाटून टाकायची. मग कुणी हात पसरायचा नाही.”

“साहेब, लागेल तेव्हा लागेल तेवढी घ्यायची, काम झालं की परत करायची! त्यात काय एवढं?”

साहेबांनी पाण्याची बाटली उघडली. अनुभवी माणसं अशा वेळी वाद घालत नाहीत. नुसतं पाणी पितात.

रविवारी सकाळपासून दाराला उसंत नव्हती. “दूधवाले काका, या!” खट्! “छोटी, या!” खट्! छोटी म्हणजे लेक. तिला हा खेळच झाला होता. बाहेर जायची, कार्ड टेकवायची, आत यायची. शेजारच्या काकूंनाही कार्ड दिलेलं. त्या साखर मागायला आल्या, साखर परत द्यायला आल्या, आणि अप्पा आले का बघायला तर येतच राहिल्या.

मग अप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, चेहऱ्यावर सगळी जुनी वर्षं. शास्त्रज्ञाने टपालाने पाठवलेलं कार्ड त्यांनी खिशातून काढलं, दोन बोटांत धरलं आणि कुलपाला टेकवलं.

लाल दिवा. दार गप्प.

पुन्हा टेकवलं. लाल दिवा!

“असं नाही हो, असं!” काकू मदतीला धावल्या. त्यांनी स्वतःचं कार्ड टेकवलं. “काकू, या!” खट्!

अप्पांनी टेकवलं. लाल दिवा. छोटीने टेकवलं. “छोटी, या!” तेवढ्यात दूधवाला विसरलेली किटली न्यायला आला. “दूधवाले काका, या!”

अप्पांचे कान लालबुंद झाले. बायकोने आतून धावत येऊन दार सताड उघडलं. “अप्पा, या ना आत!”

“का? या घराला दूधवाला माहीत आहे, शेजारीण माहीत आहे. मी कोण?” अप्पांनी बॅग जिन्यातच आडवी घातली आणि तिच्यावर बसले. “दार नाव घेईल तेव्हाच आत येईन. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने परत!”

दार उघडं, आणि माणूस बाहेर! बायकोने शास्त्रज्ञाकडे असं बघितलं, की तो फोन घेऊन सरळ न्हाणीघरात शिरला आणि थोरल्या साहेबांना स्पीकरवर फोन लावला.

“साहेब, निम्म्याहून जास्त मेमरी रिकामी दिसतेय! तरी कुलूप म्हणतंय जागा नाही!”

“कोण आलं-गेलं त्याच्या चिमुकल्या नोंदी ठेवतोस का?”

“दिवसभरापुरत्या.”

“कपडे वाळत घालायची दोरी आहे घरात? तिच्यावर इथे एक रुमाल, तिथे एक रुमाल लाव. आता चादर टाकून बघ. दोरी रिकामीच आहे, पण सलग जागा कुठेय? सासऱ्यांचं नाव लांब असेल.”

“चादर कसली, तंबू आहे!”

बायको न्हाणीघराच्या दाराला कान देऊन उभी होतीच. “मग रुमाल एका बाजूला सरकवा ना!”

“नाही सरकवता येत गं! कुठला रुमाल कुठे आहे, ते प्रोग्रामच्या प्रत्येक भागाला आधीच सांगून ठेवलंय!”

“बंद करून चालू कर, सगळे रुमाल निघून जातील,” साहेब म्हणाले. पलीकडे बाटली उघडल्याचा आवाज आला.

घरातली वीज घालवली. कुलूप चालूच! वीज गेली तरी दार अडू नये म्हणून या पठ्ठ्यानेच आत बॅटरी बसवली होती. ती काढायची, तर स्क्रू डिंकाने पक्के केलेले. तेही यानेच! तो घामाघूम होऊन खरवडत होता आणि अप्पा बॅगेवरून म्हणत होते, “राहू द्या जावईबापू. सवय आहे मला.”

बायकोने नवऱ्याकडे पाठ फिरवली होती. छोटीने आजोबांना पाण्याचा पेला नेऊन दिला आणि शेजारी बसून राहिली.

शेवटी बॅटरी निघाली. परत बसवली. अप्पा उठले, शर्ट खाली ओढला आणि कार्ड टेकवलं.

“आदरणीय, सेवानिवृत्त मुख्य लेखापरीक्षक, माजी उपमुख्य लेखापरीक्षक, श्रीमान अप्पासाहेब, या!”

खट्!

अप्पांनी चष्मा काढून पुसला. बायकोने पदर डोळ्यांना लावला. अप्पा उंबरा ओलांडून आत आले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पुन्हा बाहेर गेले.

“काय झालं, अप्पा?”

“काही नाही गं. नीट ऐकू आलं नाही.”

तिसऱ्या खेपेला लाल दिवा लागायच्या आत शास्त्रज्ञ मुकाट कॉम्प्युटरसमोर बसला, आणि थोरल्या साहेबांनी सांगितलं तसं केलं. सुरुवातीलाच प्रत्येक नावाला कायमचा खण. सगळे खण एका मापाचे, म्हणजे अप्पांच्या मापाचे! आता दार अडकत नाही. अप्पाही परत जायचं नाव काढत नाहीत. सगळ्या जगात पूर्ण पदासह हाक मारणारं दुसरं दार त्यांना कुठे मिळणार? दिवसभर आत-बाहेर चालू असतं.

फक्त एवढे मोठे खण पाडल्यावर एक खण कमी पडला. दूधवाल्याचं नाव काढलं तर दूध कोण आणणार? छोटीचं काढलं तर रडारड! काकूंचं काढलं तर काकू बोलणार, बायकोचं काढलं तर बायको बोलणार नाही! मग एकच नाव उरलं.

त्यामुळे संध्याकाळी ऑफिसातून दमून आल्यावर शास्त्रज्ञ आपल्याच दारावर टकटक करतो. आतून सावकाश चपलांचा आवाज येतो, आणि अप्पा विचारतात,

“कोण?”