तळाची दुरुस्ती

शेषरावांनी नावेवर नारळ फोडला आणि बायकोला म्हणाले, "पाह्य तुळसा, प्रोफेशनल काम हाय. थेंब थांबनार नाही."

"तळ पायला का?"

"तळ कावून पाहू? वरून नवी फळी ठोकली नरेशनं."

कोहक्याच्या तलावावर दरवर्षी भजन मंडळाचं कीर्तन असे. देवाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचं आख्यान महाराज नावेत उभे राहून लावायचे, आणि वल्हं मारायचा मान रेल्वेतून रिटायर झालेल्या शेषरावांचा. गेल्या वर्षी पत्र्याच्या नावेत पाणी साचलं आणि महाराजांना काठावर बाकड्यावरून गावं लागलं. यंदा तसं झालं तर नावाड्याचं आख्यानच बंद, असं मंडळानं बजावलं होतं. म्हणून नाव हुडको वसाहतीतल्या नरेशकडे गेली. मालगाडीच्या वॅगन दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "नावेत पाणी साचून रायते," एवढंच शेषरावांनी त्याला सांगितलं होतं.

काठावर टाळ वाजू लागले. नाव थोडी आत गेली आणि महाराजांचा सूर अडकला.

"शेषराव, माहे पाय ओले कावून होऊन राहिले?"

शेषराव आख्यानात बुडालेले. हात जोडून म्हणाले, "देवा, पाय धुतल्याबिगर नावाडी तुमाले नेत नसते."

"अरे, गुडघे बी धुऊन राहिला का?"

शेषरावांनी खाली पाहिलं आणि वल्हं हातातून गळालं. फळीच्या फटींतून पाणी उसळत होतं. बघता बघता नाव खाली बसली. काठावरचे टाळ थांबले. कंबरभर पाण्यात शेषरावांना दुसरं काही सुचेना. त्यांनी महाराजांना पाठीवर घेतलं. वीणा उंच धरून महाराजांनी तुटलेली ओळ पुन्हा उचलली, तेव्हा काठावरच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

मग नरेशनं दोरानं नाव ओढून काढली. तळाला गोल, घासून गुळगुळीत केलेली भोकं.

"हे काय केलं बापा?" शेषरावांनी एका भोकात बोट घातलं.

"काका, तुमीच तं बोलले पानी साचते म्हणून. वॅगनले आमी असेच भोकं ठेवतो." नरेशनं नावेत हात फिरवून दाखवला. "पाहा बरं, थेंब तरी थांबला का?"

नाव खरोखर कोरडी ठणठणीत होती.

"आताच्या आता बुजव," शेषराव म्हणाले.

"हात लावू नको," महाराज धोतर पिळत म्हणाले. "इतकी वर्षं नावेत गायलो, लोक मोबाइल पाहत बसायचे. आज कोणी पापणी हलवली नाही. पुढच्या वर्षी बी असंच. शेषराव, मान तुमचाच."

पंगतीत महाराजांच्या पानात वाढायला उचललेली तिसरी पुरणपोळी तुळसाबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहत हळूच परत डब्यात ठेवली.