पाणबुड्याची परीक्षा आणि हिरवं लुगडं

"पाणबुड्याचं काम म्हणजे काय हो? खाली जायचं, वर यायचं! आमच्या पूर्वजांनी घोड्यावर बसून नर्मदा ओलांडली!" धारच्या मानाजीने मिशीवर ताव देत चारचौघांत सांगून टाकलं. संस्थान विलीन झालं आणि त्याची दरबारातली चाकरी गेली, त्याला चार वर्षं झाली होती. आता सरकारी खात्याला तलावांचे दरवाजे तपासायला पाणबुड्या हवा होता. पंधरा दिवसांचं शिक्षण, परीक्षा, पास झालं की पक्की नोकरी!

शिकवायला गोदीतले निवृत्त पाणबुडे फत्तेसिंग उस्ताद होते.

"पेले तो कान दुखेंगे, भिया! नाक दबाके फूंको. और घबराना मत. जो घबराया, वो गया!"

मग दोरीची भाषा. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे हवा वाढवा, चार म्हणजे वर ओढा.

मानाजीने नाक दाबून असं फुंकलं की दोन दिवस त्याला आईचं बोलणं ऐकू येईना. त्याला ते बरंच वाटलं, कारण माईने एकच धोशा लावला होता.

"मांडूच्या तळ्यात सात आसरा राहतात. तरणा माणूस दिसला की ओढतात. आधी त्यांची ओटी भर!"

"माई, सरकारी काम आहे! तिथे ओटीबिटी चालत नाही!"

परीक्षेच्या सकाळी मांडूवर दाट धुकं होतं. तळाशी टाकलेला पितळी बिल्ला वर आणायचा होता. डोक्यावर तांब्याचा टोप, पायांत शिशाचे बूट घालून मानाजी उतरला. काठावरचे पंपवाले नळीने त्याला हवा पुरवत होते.

पाण्याखाली जुन्या पायऱ्या होत्या. त्या खाली, आणखी खाली जात होत्या. टोपात फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बिल्ला दिसला! त्याने वाकून उचलला, मान वर केली, तर समोरच्या पायरीवर हिरवं लुगडं उभं होतं. हळूहळू हलत होतं. आत कुणीच नव्हतं.

पदर पुढे आला आणि ताप बघावा तसा टोपाच्या काचेवर टेकला.

मानाजीने दोरी ओढली. चार झटके कुठले आठवायला! दोन, दोन, पुन्हा दोन! वर पंपवाल्यांनी जीव खाऊन हवा भरली. पोशाख पुरीसारखा टम्म फुगला आणि मानाजी अंगभर हिरवं लुगडं गुंडाळून काठाशी वर आला!

पंपवाले पळाले. त्यांच्या पुढे उस्ताद पळाले! घाटावर मात्र, न सांगता आलेली माई उभी होती. तिने त्याच्या शिशाच्या बुटांवर डोकं ठेवलं.

"आसरामाय, माझ्या लेकराला सोड! पुन्हा त्याला पाण्यात धाडणार नाही!"

"माई, मीच आहे!" मानाजी आतून ओरडला. बाहेर नुसतं "घूंऽऽ" ऐकू आलं. माईने घाईघाईने काचेला कुंकू लावलं!

श्वास संपत आला तेव्हा उस्ताद परतले. त्यांनी टोप उघडला, मुठीतला बिल्ला पाहिला आणि हसत सुटले.

"पास! अरे भिया, सुबे अम्मा ने ही तो उस घाट से ओटी छोड़ी थी!"

मानाजीचा जीव भांड्यात पडला. तीन दिवस तो गावभर हसत हिंडला. मग माईला म्हणाला, "तुझंच लुगडं ते! कसली आसरा आणि कसला नवस! सोमवारी कामावर हजर होतो."

माई तांदूळ निवडत होती.

"लुगडं? मी तर पिवळा खण सोडला होता, बाबा. ओटीत लुगडं घालायची ऐपत कुठे आपली?"

दोघांनी अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीकडे पाहिलं. तीन दिवसांच्या कडक उन्हातही हिरवं लुगडं ठिबकत होतं.

सोमवारी मानाजी कचेरीत हजर झाला. प्रमाणपत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून हात जोडून म्हणाला, "पास झालोय, साहेब. एखादी कोरडी जागा असेल तर बघा!"